कुंडलचे माळवद

वैशाख सरत आला की आमच्या भागात दोन कामे एकदम निघतात. एक शेतातले, दुसरे घरावरचे. शेतात खताचे ढीग पडू लागतात आणि घरावर पांढऱ्या मातीच्या पाट्या चढू लागतात. मृग बरसायच्या आत माळवद नीट करून घेतले नाही तर पावसाळाभर घरात घमेली आणि पातेली मांडून बसावे लागते. ज्यांनी माळवदाच्या घरात दिवस काढले आहेत त्यांना हे सांगायला नको.

यंदा अशाच दिवसांत कुंडलहून आतेभावाचा फोन आला. "दादा, दोन दिवस येऊन जा. घर पाडायचं ठरवलंय. पण आई ऐकत नाही. तुझं तरी ऐकेल."

आत्या ऐंशीच्या घरात आहे. तिने आजवर कुणाचे ऐकले आहे असे मला आठवत नाही. तरी निघालो.

कुंडलला जायचे तर किर्लोस्करवाडीला उतरावे. या स्टेशनचे जुने नाव कुंडल रोड. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजेसाहेबांनी या स्टेशनाजवळच्या माळावर जागा दिली आणि तिथे लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला. कुंडल त्या वेळी औंध संस्थानात होते. पुढे संस्थान विलीन झाले, 1949 साली साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. राज्य बदलले, जिल्हा बदलला, गाव आहे तिथेच आहे.

स्टेशनवरून गावाकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस आणि मधून मधून द्राक्षांच्या बागा दिसतात. मला दर वेळी वाटते, लाकडाच्या नांगराची जागा लोखंडाने घेतली ती या मातीत. घराच्या छताचेही तसेच झाले. तुळया आणि कड्या गेल्या, सळया आल्या. नांगर बदलताना आपल्या वाडवडिलांनी मात्र बरीच वर्षे विचार केला होता. छत बदलताना आपण किती करतो?

आत्याचे घर

गावात शिरलो. आता बहुतेक घरांवर स्लॅब पडले आहेत. तरी जुन्या गल्लीत अजून काही माळवदे शिल्लक आहेत. पूर्वी ही माळवदे एकमेकांना इतकी लागून असत की पोरे या टोकाला चढून त्या टोकाला उतरत. उन्हाळ्यात सारी गल्ली माळवदावर झोपे. सांडगे, पापड, कुरडया, तुरीच्या शेंगा, सगळ्यांचे वाळवण तिथेच. शेजारणीला हाक मारायची तीही तिथूनच.

हे कुंडल क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे मोठे ठाणे होते. जी. डी. बापू लाड इथलेच. 1943 ते 46 या काळात तुफान सेनेच्या तरुणांना या टापूतल्या घराघरांनी भाकरी दिली आणि आसरा दिला. आत्याच्या सासूबाई सांगत, तेव्हा चुलीवर चार भाकऱ्या जास्तीच्या पडत, कुणासाठी ते विचारायचे नसे. अशा घराचे छत म्हणजे नुसती लाकूडमाती नव्हे, हे आत्याचे म्हणणे. आणि ते खोटे नाही.

सोप्यात पाय ठेवला तसा अंगावर गारवा आला. बाहेर ऊन असे होते की डांबर पायाला चिकटत होते. मी घोंगड्यावर टेकलो आणि लहानपणच्या सवयीने वर बघितले.

सुटीत इथे आलो की रात्री झोप येईपर्यंत मी सोप्याच्या कड्या मोजत असे. एका खणात नऊ. दगडी तळखड्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर आडवी तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर अंगासरशी बसवलेले सागाचे पाट. हा कडीपाट फक्त पुढच्या सोप्याला. मागे माजघरात आणि स्वयंपाकघरात पाट परवडले नाहीत, तिथे किलचन. म्हणजे कड्यांवर निरगुडीचे फोक आणि तुराट्या दाट पसरायच्या, वर निंबाचा पाला, मग चिखल आणि सर्वांत वर चोपून बसवलेली पांढरी माती. पाहुण्याला दिसते ते छत देखणे, बायका राबतात तिथले साधे. ही रीत काही आजची नाही.

पण त्या कड्यांचा उपयोग केवढा! एका कडीला पाळणा, एकीला शिंके, एकीला बियाण्याची कणसे. कंदिलाची खुंटी वेगळी. माजघरात उजेडासाठी आणि चुलीचा धूर जाण्यासाठी छताला सवणे. पाऊस आला की पळत जाऊन त्यावर घमेले पालथे घालायचे काम पोरांचे. लग्नकार्याला वरची माती अक्षतांबरोबर पानात पडू नये म्हणून छताखाली चांदवा बांधत. आपण आज छत म्हणतो आणि डोळ्यांपुढे स्लॅब येतो, पण पूर्वी अशा वरून बांधलेल्या कापडालाही छतच म्हणत.

"आरं, बघत काय बसलास? चहा घे," आत्या म्हणाली. मग आवाज बारीक करून म्हणाली, "ह्येंनी तुला बोलावून घेतलंय व्हय? मला सांगायला?"

मी काहीच बोललो नाही.

"मी ह्या घरात नवरी म्हणून आले तवा पैल्या रात्री मीबी कड्या मोजल्या हुत्या. माझी चार पोरं त्या पाळण्यात निजली. सदुसष्टला भूकंप झाला, भांडी खाली आली, पर घर हाललं न्हाई. आता ह्येला स्लॅब पायजे. आन खाली ती पांढरी नक्षी पायजे. सिनेमातल्यासारखी."

आतेभाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, "आई, मागच्या पावसाळ्यात तुझ्या अंथरुणाजवळ ढेकूळ पडलं. ते तुझ्या डोक्यात पडलं असतं म्हणजे?"

दोघांचेही खरे होते. अशा वेळी मध्यस्थाने गप्प बसावे हे उत्तम.

डोंगरातले छत

संध्याकाळी आतेभावाची मुलगी म्हणाली, "काका, डोंगरावर जायचं?" ती आठवीत आहे. म्हटले चला.

कुंडलच्या डोंगरात पार्श्वनाथाची जुनी ठिकाणे आहेत. सांगली-कोल्हापूरकडचे जैन बांधव इथे भक्तीने येतात. त्यांतले झरी पार्श्वनाथ म्हणजे खडकातली गुहा. वरच्या खडकातून पाणी पाझरते, त्यावरून झरी हे नाव. आत शिरले की डोळ्यांना काही वेळ काही दिसत नाही. मग हळूहळू वरचा ओबडधोबड खडक दिसू लागतो.

मुलगी वर बघून म्हणाली, "काका, ह्याला खांब नाहीत. हे पडत कसं नाही?"

प्रश्न साधा, पण घर बांधणाऱ्या प्रत्येकाने विचारावा असा. मी तिला सांगितले, हे छत कुणी उचलून वर ठेवलेले नाही. डोंगर जागच्या जागी आहे, त्याला खालून पोकळी आहे. बाजूचा खडक आणि वरचा खडक एकच. सांधा नाही म्हणून सुटायला जागा नाही. आपल्या घरात मात्र भिंत वेगळी, तुळई वेगळी, माती वेगळी. सगळा भार सांध्यांवर. सांधा गेला की छत गेले.

तिला कार्ल्याच्या लेण्याचेही सांगितले. लोणावळ्याजवळच्या त्या चैत्यगृहाचे छत कमानीसारखे गोल आहे, आणि त्या कमानीला खालून लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या बसवल्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते लाकूड अजून आहे. गंमत अशी की त्या फासळ्या काहीच तोलत नाहीत. छत अखंड कातळाचे. पण त्या काळी लोकांना लाकडी छताची सवय होती. फासळ्या दिसल्याशिवाय छत झाले असे कारागिरांना वाटेना.

"म्हणजे शोभेसाठीच?" मुलीने विचारले.

"शोभेसाठी."

"मग पप्पा पीओपी करतात त्याला आजी नावं का ठेवते?"

या प्रश्नाला मला लगेच उत्तर सुचले नाही. डोंगर उतरेपर्यंत मी विचार करत होतो.

मिस्त्रींची पहार

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले. साठी ओलांडलेला, अंगाने वाळलेला माणूस. आधी त्यांनी घरभर फिरून वर बघितले. मग शिडी लावून माळवदावर गेले. मीही मागोमाग चढलो.

त्यांनी कोपऱ्यात पहारीने खड्डा घेतला. मातीचे थर एकावर एक, कांद्याच्या पापुद्र्यासारखे दिसत होते. दर वर्षी गळती थांबवायला टाकलेली दोन-दोन बोटे माती. खालचे पाट लागेपर्यंत दीड फूट खोल गेले.

"हा बगा तुमच्या घराचा हिशोब," मिस्त्री म्हणाले. "आज्ज्यानं टाकली, बापानं टाकली, ह्येंनी टाकली. काढली कुणीच न्हाई."

खाली उतरून आम्ही कागदावर आकडे मांडले. वाचकांनीही आपल्या घराचे मांडून बघावेत. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब खोली धरा. तिच्यावर एक फूट जाडीची माती असेल तर ती कोरडी असतानाच पाच टनांच्या वर भरते. दीड फूट असेल तर आठ टन. पावसात भिजली की आणखी वाढते. त्याच खोलीवर पाच इंची सिमेंटचा स्लॅब टाकला तर त्याचे वजन साडेतीन टनांच्या आसपास. आपल्याला वाटते माती हलकी आणि सिमेंट जड. माळवदावर ते उलटे होते.

मग मिस्त्रींनी खिशातून एक टोकदार सळई काढली आणि माजघरात तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे टोचली. सळई लोण्यात जावी तशी चार बोटे आत गेली. बाहेरून तुळई चांगली काळीभोर, तेल दिल्यासारखी. भिंतीतले टोक मात्र वाळवीने आणि ओलीने पोखरलेले. त्याच तुळईखाली आत्याचे अंथरूण.

कुणीच काही बोलले नाही. आत्याने पदर तोंडाला लावला.

"आक्का," मिस्त्री म्हणाले, "सदुसष्टला घर हाललं न्हाई म्हनता. खरं हाय. पर तवा लाकूड तरनं हुतं आन माती निम्मी हुती."

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगरच्या भागात घरे पडली, सुमारे पावणेदोनशे माणसे गेली. कुंडल त्यामानाने लांब होते, म्हणून भांड्यांवर भागले. त्यानंतर 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. लातूर-उस्मानाबादकडे किल्लारीच्या भागात धरणी हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे झोपेतच गाडली गेली. उस्मानाबाद जिल्ह्याला आता धाराशिव म्हणतात.

मिस्त्री त्यानंतर दोन वर्षे तिकडे बांधकामावर होते. ते सांगत होते ते तज्ज्ञांनीही लिहून ठेवले आहे. तिथली घरे आपल्यासारखीच. दोन-अडीच फूट जाड दगडमातीच्या भिंती, वर जड माळवद. भिंत जाड म्हणजे मजबूत असा सगळ्यांचा समज. पण ती भिंत म्हणजे आत एक, बाहेर एक अशा दगडांच्या दोन पडद्या आणि मध्ये नुसता मातीगोट्याचा भराव. दोन्ही पडद्यांना आरपार धरून ठेवणारे लांब दगड घातलेले नव्हते. हादरा बसला तशा पडद्या फुटल्या, दगड आत आले आणि वरून माळवद कोसळले. जिथे छत भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होते आणि खांब शाबूत होते, तिथे काही ठिकाणी भिंती ढासळूनही छत उभे राहिले.

"म्हंजे आक्का, खांब आपला, भिंत परकी," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या सोप्याला खांब हायती. माजघराला फकस्त भिती हायत्या. फरक त्येवढाच, पर त्योच फरक."

स्लॅबची गोष्ट

आतेभावाला आता जोर आला. तो म्हणाला, "मग मिस्त्री, भिंती आहेत तशाच ठेवू. वरची माती काढून त्यांच्यावरच स्लॅब ओतू. खर्च वाचेल. खाली पीओपी केलं की झालं."

मिस्त्रींनी हातातली सळई खाली ठेवली. "ते काम माझ्याच्यानं हुनार न्हाई. दुसरा बगा."

त्यांचे म्हणणे असे. स्लॅब म्हणजे एकसंध फळी. ती चांगली, पण तिला धरणारे कोण? मातीत बांधलेली जुनी भिंत स्लॅबखाली घातली तर वरचे मजबूत आणि खालचे कमजोर. हादरा बसला, किंवा भिंतीत पाणी मुरले, की सगळा स्लॅब अंगावर. माळवदातून माणूस एखादे वेळी ओढून काढता येतो, स्लॅबखालून नाही. स्लॅब घालायचा तर पायापासून सुरुवात करावी. एक तर काँक्रीटचे खांब घ्यावेत, नाहीतर सिमेंटमध्ये बांधलेली भिंत आणि तिच्यावर चारी बाजूंनी सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा.

स्लॅबबद्दल आणखी चार गोष्टी मी त्यांच्याकडून वहीत उतरवून घेतल्या, त्या इथे देतो. दोन भिंतींच्या मधला स्लॅब खालच्या अंगाला ताणला जातो, म्हणून मुख्य सळया खाली असतात. भिंतीबाहेर निघालेल्या सज्जाचे उलटे. तिथे ताण वर, म्हणून सळया वर. घाईत तुडवून त्या खाली बसल्या की सज्जा पडतो. सळई थेट फळीला टेकू द्यायची नाही, खाली पाऊण इंचाच्या ठोकळ्या ठेवायच्या. नाहीतर ती उघडी पडते, गंजते, गंजून फुगते आणि खालचे काँक्रीट पोपडे होऊन सुटते. ओतताना सोपे जावे म्हणून काँक्रीटमध्ये पाणी वाढवायचे नाही, त्याने ताकद जाते. आणि ओतल्यावर मात्र निदान चौदा दिवस पाणी द्यायचे. शेतात बांधतो तसे स्लॅबवर वाफे बांधायचे आणि भरून ठेवायचे. टेकू लवकर काढायचे नाहीत.

"ऊस वाळला तर पुन्हा लावता येतो," मिस्त्री म्हणाले, "स्लॅब वाळला तर तसाच डोक्यावर ऱ्हातो."

उन्हाळ्यात स्लॅब तापतो ही आत्याची तक्रारही खोटी नाही. दिवसभर ऊन खातो आणि रात्री तीच धग खाली सोडतो. मातीचा जाड थर ऊन आत यायलाच वेळ लावतो. यावर उपाय आहेत. स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा, ऊन बरेचसे परत जाते. भिंतीत वरच्या बाजूला झरोके ठेवावेत, छताखाली साठलेली गरम हवा निघून जाते. जुन्या सवण्याचे काम हेच होते. केरळात घरे बांधणारे लॉरी बेकर हे स्लॅबच्या खालच्या भागात सळ्यांच्या चौकटींत जुनी मंगलोरी कौले ठेवून वर काँक्रीट ओतत. खालच्या भागातल्या काँक्रीटला तसेही फारसे काम नसते, ताण सळई घेते. त्यामुळे सिमेंट वाचते, वजन घटते, उष्णता थोडी कमी होते आणि खालून लाल कौलांची नक्षी दिसते ती वेगळीच. मात्र हे जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

ही मंगलोरी कौलेही मुळात बाहेरचीच. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कारखाना काढला आणि ती कौले आपल्याकडे आली. आज ती आपल्याला जुनी, घरची वाटतात. तेव्हा नवे म्हणून वाईट आणि जुने म्हणून चांगले असे काही नसते.

पांढरी नक्षी

राहिले ते पीओपी. गावोगावी आता हौस आली आहे. पॅरिसजवळच्या खाणीतला जिप्सम भाजून हा गिलावा करीत, म्हणून त्याचे नाव प्लास्टर ऑफ पॅरिस. स्लॅबला पत्र्याच्या पट्ट्या टांगायच्या आणि त्यांना खालून हे दुसरे छत लावायचे. मध्ये दिवे लपवायचे. दिसते छान, यात वाद नाही.

तेव्हा मला मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. कार्ल्याच्या फासळ्या शोभेच्या होत्या, पण त्यांनी वरचा कातळ झाकला नव्हता. आत्याच्या कड्या शोभेच्याही होत्या आणि कामाच्याही. कोण कुणाला धरून आहे ते सगळे उघडे. ढेकूळ पडले म्हणून तर कळले की वर काहीतरी बिघडले आहे. पांढरे छत टांगले की वर गळते का, सळई उघडी पडली का, काही दिसत नाही. जिप्समला पाणी सोसत नाही. डाग पडेपर्यंत वरचे दुखणे पुष्कळ जुने झालेले असते. शिवाय वीतभर ते फूटभर उंची जाते, आणि आपल्या घरांची उंची आधीच कमी.

हे मी मुलीला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे पीओपी वाईट?"

"वाईट नाही. स्लॅब दोन पावसाळे कोरडा राहिलेला बघावा आणि मग हवे तर करावे. पंखा मात्र पीओपीला नाही, स्लॅबातल्या कडीलाच टांगावा. आणि आजारी माणसाला रेशमी सदरा घालून बरे वाटत नाही, तसे गळक्या छताचे आहे."

आत्याचा निकाल

दुपारी सगळे सोप्यात बसलो. कुणी कुणाला समजावायला गेले नाही. आत्याच बोलली.

"मागचं उतरवा," ती म्हणाली. "ती तुळवी मी डोळ्यांनी बगितली. पर सोप्याला हात लावायचा न्हाई."

मिस्त्री म्हणाले, "आक्का, सोप्याला हात लावावा लागंल. पर पाडायसाठी न्हाई, हलका करायसाठी."

ठरले ते असे. मागचे माजघर आणि स्वयंपाकघर उतरवायचे आणि तिथे पायापासून काँक्रीटचे खांब घेऊन स्लॅब घालायचा. पीओपी नाही. ते पैसे पायात घालायचे. पुढच्या सोप्यावरची दीड फूट माती खरवडून काढायची, पाट तपासायचे, वर प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरायचा आणि त्यावर वीतभरच नवी माती चोपायची. प्लॅस्टिकमुळे पाणी थांबते, मग दर वर्षी माती वाढवायची गरज उरत नाही. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे दोन्ही बाजूंनी तिरके लाकूड ठोकायचे, म्हणजे हादऱ्याने चौकट कलंडणार नाही. किल्लारीच्या भागात उरलेली जुनी घरे नीट करताना हेच उपाय सांगितले गेले. मागच्या घराच्या चांगल्या कड्या निघतील त्यांतून दाराच्या चौकटी करायच्या.

आतेभावाने मान डोलावली. त्याचा खर्च त्याने धरला होता त्यापेक्षा वाढणार होता, आणि हौसेची नक्षी गेली होती. तरी त्याच्या चेहऱ्यावरची काळजी उतरलेली दिसली. त्या रात्री त्याने आईचे अंथरूण स्वतः उचलून सोप्यात आणून टाकले. आत्याने कुरकूर केली, पण उठली नाही.

निघताना मिस्त्री दारात वहाणा घालत होते. आत्याने हाक मारली, "मिस्त्री, त्या नव्या स्लॅबात दोन लोखंडी कड्या घाला. चांगल्या जाड."

"झुंबराला?"

"पाळण्याला," आत्या म्हणाली. "नातसून आणायची हाय की अजून."

मिस्त्री हसले आणि त्यांनी वहीत लिहून घेतले.

किर्लोस्करवाडीला गाडीची वाट बघत बसलो होतो. स्टेशनच्या पत्र्याकडे नकळत नजर गेली. कैच्या, नट, बोल्ट, सगळे खालून दिसत होते. मनात आले, आपण जमीन बघून घेतो, बैल दात बघून घेतो, सोयरीक घर बघून करतो. पण ज्याच्याखाली रोज रात्री सारी पोरेबाळे निजतात त्या छताकडे वर मान करून कितीदा बघतो? पावसाळ्याच्या आत एकदा बघावे. भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाला सळई टोचून बघावी. माळवदावरची माती मोजून बघावी. स्लॅब असेल तर पोपडे कुठे सुटले आहेत ते बघावे. यात अर्धा दिवस जातो, आणि पैसा लागत नाही.